सायकलचे कुलूप

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात एक लहानशी किल्ली आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी, चपटी, कडेने गंजलेली. ती लागेल असे कुलूप माझ्या घरात नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती या घरातून त्या घरात माझ्याबरोबर येत राहिली आहे. खण आवरताना दर वेळी ती हाती लागते आणि दर वेळी परत खणातच जाते. ती सायकलच्या कुलपाची किल्ली आहे. ती सायकल आणि तिचे कुलूप ही दोन्ही १९८४ सालच्या जून महिन्यात, एका दुपारी, पंधरा-वीस मिनिटांच्या अवधीत नाहीशी झाली.

सायकल माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची होती. अण्णा पुण्यातील एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून वेचायचे, ओळ जुळवायची, ओळींचे पान करायचे, असे ते काम. छापखाना स्वारगेटच्या पलीकडे होता आणि आम्ही कसबा पेठेतील एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. जाऊन-येऊन आठ किलोमीटरांचे अंतर अण्णा रोज सायकलने कापत. पुण्याला तेव्हा सायकलींचे शहर म्हणत आणि ते नाव पुण्याला शोभतही होते. सकाळी नऊच्या सुमारास लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर घंटांच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे नीट ऐकू येत नसे. अण्णांची सायकल बावीस इंची, काळी आणि जड होती. दर रविवारी वाड्याच्या अंगणात ती उलटी उभी करून चाकांच्या तारा पुसायच्या आणि चेनला तेल द्यायचे, हा त्यांचा नेम होता.

त्या दुपारी मी ती सायकल मागून घेतली. मी चौदा वर्षांची होते, नववीत जाणार होते. अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके अर्ध्या किमतीत मिळत. अंतर फार नव्हते, पण परतताना पुस्तकांचे ओझे होणार होते. आडव्या दांडीखालून पाय घालून मोठी सायकल चालवायला मी नुकतीच शिकले होते आणि त्याची मला फुशारकीही होती. दुकानासमोर सायकल स्टँडवर चढवली, मागच्या चाकाचे गोल कुलूप लावले, किल्ली मुठीत घट्ट धरली आणि गर्दीत शिरले. पुस्तके घेऊन बाहेर आले तेव्हा सायकलची जागा रिकामी होती. किल्ली मात्र मुठीतच होती. इतकी घट्ट, की तिच्या दात्यांचे वळ तळहातावर उमटले होते.

शेजारी रुमाल विकणारा एक माणूस बसला होता. त्याने सायकल जाताना पाहिली होती. "एक जण मागून कॅरियर उचलून, पुढच्या चाकावर ढकलत घेऊन गेला. मला वाटलं, किल्ली हरवली असेल बिचाऱ्याची," तो म्हणाला.

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी पुरता कळला. आपल्याकडच्या साध्या सायकलींना मागच्या चाकाशी जे गोल कुलूप असते, त्याची लोखंडी दांडी चाकाच्या तारांमधून आरपार जाते आणि चाक फिरू देत नाही. कुणी सायकलवर बसून पळून जाऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. पण ते सायकलला दुसऱ्या कोणत्याही वस्तूशी बांधत नाही. माझी सायकल त्या दिवशी फक्त स्वतःलाच बांधलेली होती. वीस-बावीस किलो वजनाची वस्तू मागून उचलून ढकलत नेणे धडधाकट माणसाला मुळीच अवघड नाही. आणि तसे नेणारा माणूस चोर वाटत नाही. किल्ली हरवलेला, त्रासलेला, दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालेला मालक वाटतो. भरदिवसा, भरचौकात त्याला लोक वाट करून देतात.

पोलीस चौकीवर अण्णांना सायकलचा क्रमांक विचारला गेला. सायकलच्या चौकटीवर क्रमांक ठोकलेला असतो, हे अण्णांना माहीत होते. पण तो आम्ही कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. पावतीही सापडेना. रंग काळा. पुण्यातील बहुतेक सायकली काळ्याच होत्या. अण्णा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "असू दे. सायकल मिळाली तर लागेल." त्यानंतर सात महिने ते छापखान्यात चालत गेले. पावसाळ्यात त्यांचे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून येई. आई ते न बोलता भिजत घाली. मी शेजारच्या खोलीत अभ्यासाचे पुस्तक उघडून बसलेली असे.

१९४८ साली इटलीत व्हित्तोरिओ दे सिका यांनी 'बायसिकल थीव्ज' नावाचा चित्रपट काढला. भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळावे म्हणून एक गरीब माणूस घरातील चादरी गहाण टाकून आपली सायकल सोडवतो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते, अशी ती कथा आहे. हा चित्रपट १९५० साली लंडनमध्ये पाहून सत्यजित राय यांचा चित्रपट काढण्याचा निश्चय पक्का झाला, असे सांगतात. मी तो पाहिला तेव्हा त्यातील कलेकडे माझे लक्षच गेले नाही. तो माणूस शिडीवर चढून जाहिरात चिकटवतो आहे, सायकल खाली मोकळी उभी आहे, आणि मी खुर्चीत बसून मनातल्या मनात ओरडते आहे, "अरे, कुलूप लाव!"

इतके होऊनही कुलपाविषयी मी काही शिकले असे मात्र नाही. नोकरी लागल्यावर सायकल घेतली, तिला दुकानदाराने दिले ते कुलूप लावले आणि दैवावर विश्वास ठेवला. कुलूप निवडायचे असते, हे मला शिकवले माझ्याच एका विद्यार्थिनीने.

मुक्त शाळेच्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी मराठीचे संपर्कवर्ग घेते. त्या वर्गात चाळिशीच्या एक ताई येत असत. सहावीत त्यांची शाळा सुटली होती आणि आता त्या दहावीच्या परीक्षेची तयारी करीत होत्या. पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत त्या राहत आणि सहकारनगर, बिबवेवाडी या भागांतील चार घरी पोळ्या करीत. पहाटे साडेपाचला घर सोडायचे आणि अकराच्या आत चारही घरे उरकायची. हे गणित बसत होते ते सायकलमुळे. बसची वाट पाहत राहिले तर दोनच घरे होतात, असे त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या.

एकदा त्या सलग दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "सायकल गेली, बाई. रस्त्यावरनं नाही, घरातनंच गेली," त्यांनी सांगितले. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. तीत सायकल मावत नाही. ती जिन्याखाली असे, आकड्यांच्या तारेच्या कुलपाने जिन्याच्या कठड्याला बांधलेली. सकाळी पाहिले तर सापाने कात टाकावी तसे त्या तारेचे दोन तुकडे जिन्याखाली पडलेले होते. दोन लांबची घरे सुटली. महिन्याला पाच हजार रुपये कमी झाले. भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यांनी बत्तीसशे रुपयांना एक जुनी सायकल घेतली. ती दारात उभी करून त्या मला विचारू लागल्या, "बाई, आता कुलूप कोणतं घेऊ?"

समासाचा विग्रह विचारला असता तर मी लगेच सांगितला असता. या प्रश्नापुढे मी गप्प झाले. शेवटी म्हटले, "ताई, चला. दोघी मिळून विचारू."

रविवार पेठेतील बोहरी आळी म्हणजे लोखंडी सामानाची पेठ. खिळ्यापासून कढईपर्यंत सारे तिथे मिळते. तिथल्या एका अरुंद दुकानात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. येणारे-जाणारे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही चाचाच म्हणालो. "सायकलला चांगलं कुलूप हवं," असे मी सांगताच त्यांनी कुलूप काढले नाही. त्यांनी ताईंना उलट विचारले, "सायकल रात्री कुठं असते? दिवसा कुठं असते? किती वेळ असते? आणि कशाला बांधता?"

ताईंनी सारे सांगितले. जुन्या कुलपाची हकिकतही सांगितली. चाचांनी मान हलवली. वर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते म्हणून ती तार मजबूत वाटते. आत बारीक तारांचा पीळ असतो आणि तो चांगल्या कटरने एका दाबात तुटतो, असे ते म्हणाले. आकड्यांच्या कुलपांबद्दल तर त्यांना आदरच नव्हता. तीन आकडे असले तर एकूण हजार जोड्या होतात. एका जोडीला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या-पाऊण तासात सगळ्या जोड्या फिरवून होतात. शिवाय माणसे कुलूप लावताना आळस करतात, एकच चक्र थोडेसे सरकवून निघून जातात. (मी स्वतः असे कित्येकदा केले आहे, पण तिथे काही बोलले नाही.)

मग त्यांनी गल्ल्यावर दोन साखळ्या ठेवल्या. दिसायला दोन्ही सारख्याच. खणातून एक कानस काढली आणि पहिल्या साखळीच्या कडीवर दोनदा ओढली. कडीवर चकचकीत चर पडला, खाली भुसा सांडला. तीच कानस दुसऱ्या कडीवर ओढली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. "याला पाणी दिलेलं आहे," चाचा म्हणाले. लोहाराच्या भात्यापाशी आपण सर्वांनी ते पाहिलेले असते. लालबुंद तापलेले पोलाद एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते. कुलपाच्या दांडीला आणि साखळीला पाणी दिलेले आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. वजनावरूनही नेहमी कळत नाही. कानस मात्र खोटे बोलत नाही. पाणी दिलेली साखळी जाड होती, तिच्या कड्या गोल नसून चौकोनी होत्या. कटरच्या पात्यांना चौकोनी कडी नीट पकडता येत नाही, असे त्याचे कारण चाचांनी सांगितले.

साखळीसाठी कुलूप अलीगढचे निघाले. उत्तर प्रदेशातील हे शहर पिढ्यान्‌पिढ्या कुलपे घडवीत आले आहे. चाचांनी नमुन्यासाठी उघडून ठेवलेले एक कुलूप दाखवले. आत एकावर एक पातळ पत्र्या होत्या. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दाता आपापल्या लिव्हरला नेमका हवा तेवढाच उचलतो आणि सगळ्या लिव्हर आपापल्या उंचीवर आल्या तरच दांडी सुटते. एखादी केसभर जास्त उचलली गेली तरी कुलूप अडते. लिव्हर जितक्या जास्त, तितके दुसऱ्याच्या किल्लीने ते उघडण्याचे भय कमी. हे ऐकताना मला कॉलेजातील एक गोष्ट आठवली. माझ्या सायकलच्या किल्लीने मैत्रिणीच्या सायकलचे कुलूप सहज उघडत असे, आणि त्याची आम्हां दोघींना मोठी सोय वाटे!

"हे तुटणार नाही ना?" ताईंनी विचारले.

"तुटेल," चाचा शांतपणे म्हणाले. "न तुटणारं कुलूप मी अजून विकलेलं नाही. बॅटरीवरचं ग्राइंडर घेऊन आला तर यालाही कापेल. पण त्याचा आवाज होईल, ठिणग्या उडतील, वेळ लागेल. कटर खिशात घालून आलेला मात्र हात लावून पुढं जाईल."

कुलपाच्या इतिहासात याचा एक नामांकित दाखला आहे. लंडनमधील जोसेफ ब्रामा या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक कुलूप घडवले. ते दुकानाच्या काचेआड मांडलेले असे आणि जो ते किल्लीशिवाय उघडील त्याला दोनशे गिनी मिळतील, अशी पाटी तिथे होती. साठ वर्षांच्या आसपास ते कुणाला उघडले नाही. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्या वेळी अमेरिकेहून आलेल्या अल्फ्रेड हॉब्ज याने ते उघडले. त्याला सोळा दिवसांत मिळून सुमारे एकावन्न तास लागले. बक्षीस त्याला मिळाले. पण भर वस्तीत एकावन्न तास कोणत्या चोराला मिळतात? याच्या उलट प्रकारही घडलेला आहे. २००४ साली अमेरिकेत असे उघडकीस आले, की नळीसारख्या गोल किल्लीची काही महागडी, भक्कम सायकल-कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने काही सेकंदांत उघडतात. पोलाद उत्तम होते. दगा दिला तो किल्लीच्या भोकाने. तेव्हापासून मी तरी गोल किल्लीचे कुलूप घेत नाही.

चाचांनी तिसरी वस्तू काढली ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे कुलूप. एक वाकवलेली जाड दांडी आणि तिची दोन्ही टोके अडकवणारी एक आडवी दांडी. ते मोठे घ्यावे असे मला वाटले. चाचा म्हणाले, लहान घ्या. कुलपाच्या पोटात मोकळी जागा जितकी जास्त राहील, तितकी पहार घालून पीळ द्यायला चोराला सोय होते. सायकलची चौकट, चाक आणि खांब मिळून ते पोट भरून गेले पाहिजे. त्याचे वजन किलोभर होते, म्हणजे बाहेर नेण्याजोगे. साखळी आणि तिचे कुलूप मिळून तीन किलोंवर जात होते. ते ओझे रोज वाहायचे नाही, ते घरीच राहील. घरचे कुलूप वेगळे आणि वाटेवरचे वेगळे, ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचली नव्हती. आपण एकच कुलूप घेतो, ते उचलायला हलके पाहतो, आणि त्याच हलक्या कुलपावर सायकल रात्रभर अंधारात सोडून झोपतो. बाहेर ती पाऊण तास उभी असते, जिन्याखाली आठ तास. चोराला वेळ कुठे अधिक मिळतो, हे उघड आहे.

आता पैशांचा प्रश्न आला. साखळी आणि अलीगढचे कुलूप मिळून हजार पन्नास रुपये. यूचे कुलूप साडेआठशे. एकोणीसशे रुपये! ताईंनी साखळी हातात घेतली, परत ठेवली. "बत्तीसशेच्या सायकलला एकोणीसशेचं कुलूप? लोक हसतील, बाई." पैसे मी देते, असे मी हळूच म्हणाले. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला शरम वाटली. "तुमच्याकडनं व्याकरण घेते तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. मग दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी बोटांवर हिशेब केला. सायकल बत्तीसशेची. पण ती गेली की दोन घरे जातात, महिन्याला पाच हजार. दुसरी सायकल घ्यायला गेल्या वेळी तीन महिने लागले. म्हणजे पंधरा हजार आणि वर बत्तीसशे. हिशेब संपला तेव्हा त्या उठल्या आणि साखळीचे पैसे मोजून दिले. यूचे कुलूप पुढच्या भिशीला. तोवर ज्या इमारतीत रखवालदार बसतो तिथे त्याच्या डोळ्यांसमोर सायकल लावायची, असे त्यांनी ठरवले.

हा हिशेब पुढे मला कायद्यातील एका तरतुदीपाशी आठवला. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे तीत म्हटले आहे. ताईंची सायकल या तरतुदीत सहज बसेल. पंधरा हजारांचा हिशेब मात्र तीत कुठेच बसत नाही. तरीही मला ही तरतूद वाईट वाटत नाही. अण्णांची सायकल परत करून त्या माणसाने एखाद्या वाचनालयातील पुस्तके महिनाभर पुसली असती, तर अण्णांना ते नक्की चालले असते.

साखळी घरी आली, पण ती बांधायची कशाला? जिन्याचा कठडा चार स्क्रूंवर उभा होता. साखळी कितीही भक्कम असली तरी चोर कठडाच उचकटून साखळीसकट सायकल नेऊ शकला असता. खिडकीचे गज लाकडी चौकटीत, तीही वाळवीने पोखरलेली. ताईंचे भाऊ गवंडी आहेत. त्यांनी जिन्याखालच्या जमिनीत वीतभर खोल खड्डा घेतला, बोटाएवढी जाड सळई उलट्या यू आकारात वाकवली, तिचे पाय खालून दोन बाजूंना फाकवले आणि खड्ड्यात सिमेंट भरले. वर फक्त एक कडी राहिली. आठवडाभर ताई तिच्यावर पाणी घालत होत्या. शेजारणी विचारू लागल्या, "काय हो, म्हैस बांधायची का?" घरमालकाने आधी कुरकूर केली, नंतर त्यानेच आपली मोटारसायकल तिथे बांधायची परवानगी मागितली.

बांधण्याचीही एक रीत आहे. नुसत्या पुढच्या चाकातून साखळी घातली तर चोर पाना लावून चाक तिथेच सोडतो आणि बाकीची सायकल नेतो. साखळी मागच्या चाकातून, चौकटीतून आणि कडीतून अशी तिन्हींतून जायला हवी. ती जमिनीवर लोळता कामा नये, कारण जमीन ही चोराच्या हातोड्याची ऐरण होते. किल्लीचे भोक खाली तोंड करून ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. पुण्याच्या पावसात न वापरलेले कुलूप महिन्याभरात हटून बसते. त्यात खोबरेल तेल घालण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याला धूळ चिकटून आत चिखल होतो. शिलाई मशीनचे पातळ तेल थेंबभर पुरते.

यूचे कुलूप आल्यावर बाहेरची शोधाशोध सुरू झाली. माझेही डोळे तेव्हापासून बदलले. पूर्वी मी इमारतीसमोर सावली पाहत असे, आता खांब पाहते. वाहने उभी करू नयेत अशी पाटी असलेला खांब बुटका असेल, तर त्याच्या डोक्यावरून सायकल कुलपासकट उचलून काढता येते. प्लॅस्टिकचा पाण्याचा नळ करवतीपुढे टिकत नाही. लहान झाड तर आधीच जखमी असते. फाटकाचे गज चांगले, पण फाटक बिजागरीवरून निघते का, ते पाहावे. आणि माणसांची ये-जा असलेली जागा नेहमी बरी, जरी त्या रुमालवाल्यामुळे माझा गर्दीवरचा विश्वास जरा डळमळीत झालेला असला. नेदरलँड्स हा माणसांपेक्षा सायकली अधिक असलेला देश. तिथेही मागच्या चाकाला आपल्यासारखेच गोल कुलूप असते, पण लोक त्यावर थांबत नाहीत. जोडीला एक साखळी बाळगून सायकल खांबाला बांधतात. अण्णांच्या सायकलच्या कुलपात उणे होते ते एवढेच.

आणखी एक काम मी ताईंकडून आग्रहाने करून घेतले. सायकल उलटी करून पायडलच्या आसाखाली ठोकलेला क्रमांक आम्ही खडूने घासून वाचला. ताईंनी तो मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर, द्वंद्व समासाच्या उदाहरणांखाली लिहिला. मुलाने मोबाइलवर सायकलचे छायाचित्र काढून ठेवले.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा आली. ताईंचे केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. पहिला पेपर मराठीचा. मीही माझी सायकल काढली आणि सकाळी त्यांच्याबरोबर गेले. शाळेच्या आवारात सायकलींना जागा होती, पण बांधण्याजोगा खांब एकच, झेंड्याचा, आणि त्याला शिपायाने हात लावू दिला नाही. ताईंनी त्या दिवशी घरची साखळी कॅरियरला गुंडाळून आणली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, माझी सायकल आपल्या सायकलला खेटून उलट्या तोंडाने उभी केली आणि दोन्हींच्या चौकटींतून, चाकांतून साखळी ओवून कुलूप लावले. "आता दोन्ही एकदम उचलेल तोच नेईल," असे म्हणून त्या किल्ली कमरेला खोचून आत गेल्या.

पेपर तीन तासांचा होता. तेवढ्या वेळात घरी जाऊन स्वयंपाक उरकून यावा, असा माझा बेत होता. फाटकापाशी पोहोचले तेव्हा लक्षात आले, की माझी सायकल त्यांच्या सायकलला बांधलेली आहे आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर परीक्षेला बसली आहे. मी परत येऊन वडाच्या पारावर बसले. एक तास गेला, दोन गेले. लवकर संपवणारे विद्यार्थी जिना उतरू लागले, आपापल्या सायकली काढून गेले. शेवटची घंटा व्हायला दहा मिनिटे होती तेव्हा शिपाई खाली आला. मी त्याला विचारले, "निळ्या साडीतल्या ताई झाल्या का हो?"

"कुठल्या झाल्या? त्यांनी आत्ताच आणखी पुरवणी मागितली," तो म्हणाला.